पुराच्या पाण्यातून आलेला ट्रक : सेल्फ मारण्याआधी

महाड-पोलादपूरकडच्या आपल्या कोणत्याही वस्तीत गेले तरी एखादे घर ड्रायव्हरचे निघतेच. कुणी एमआयडीसीतला माल मुंबईला पोहोचवतो, कुणी खडीच्या डंपरवर असतो, कुणी शेठच्या गाडीवर पगारी, तर कुणी कर्ज काढून स्वतःची सहाचाकी घेतलेली आणि तिच्या हप्त्यासाठी रात्रीचा दिवस करणारा. पावसाळा लागला की या घरांतून एक वेगळीच धास्ती असते. माणूस सुखरूप घरी येईल ना ही पहिली, आणि गाडी सुखरूप येईल ना ही दुसरी. दुसरी धास्तीही काही लहान नाही. गाडी महिनाभर गॅरेजला उभी राहिली तर घरातली चूल, मुलांच्या फिया आणि फायनान्सचा हप्ता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अडतात.

म्हणून या अंकात आम्ही इंजिनाविषयी लिहीत आहोत. विषय यंत्राचा आहे म्हणून आमच्या भगिनींनी पान उलटू नये. विम्याचे कागद बहुतेक घरांत त्यांच्याच पेटीत असतात, आणि या गोष्टीचा अर्धा भाग कागदाचाच आहे.

आम्हाला सांगावयाचे आहे ते असे. जुना ट्रक पाण्यातून निघून दोन दिवस वाळला की पुन्हा रस्त्याला लागे. आजचा ट्रक तसा नाही. तो पाण्यात उभा राहून जेवढा बिघडतो, त्याहून अधिक पाणी ओसरल्यावर घाईने सेल्फ मारल्याने बिघडतो. आणि नुकसानभरपाई नाकारायची झाली तर विमा कंपनीही नेमके त्याच सेल्फवर बोट ठेवते.

२० मार्चला किंवा २५ डिसेंबरला महाडला येणाऱ्या आपल्या बांधवांनी सावित्री नदी पाहिली असेल, ती उन्हाळ्या-हिवाळ्यातली. दगडगोट्यांतून वाहणारे शांत पाणी. ही नदी पूर आणते हे त्या दिवसांत कुणाला सांगून पटणार नाही. पण ती उगम पावते महाबळेश्वरला, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, आणि तिथून पोलादपूर-महाडचा सपाट भाग हाकेच्या अंतरावर. वर पडलेला पाऊस खाली यायला फार वेळ घेत नाही. महाडजवळ तिला काळ आणि गांधारी या नद्या मिळतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला पुढे सरकायला वाटच राहत नाही.

२०२१ च्या जुलैत नेमके हेच झाले. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत एकट्या महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. २४ जुलैला पौर्णिमा, म्हणजे भरती मोठी. २२ जुलैच्या रात्री महाड शहर पाण्यात गेले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी घरे गाडली. अशा वेळी गाड्यांचे दुःख कोण सांगणार? माणसे गेलेली असताना ट्रकचे नाव काढायलाही जीभ धजत नाही. तरीही नाक्यावर, गॅरेजात आणि घरासमोर उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या आणि पुढची दोन वर्षे त्यांचे कर्ज फेडणारी माणसेही याच मातीतली होती. शेजारच्या चिपळूणला तर एसटीचे आगारच बुडाले आणि आगारप्रमुखांना रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास काढावे लागले.

जुनी माणसे म्हणतील, २००५ च्या २५-२६ जुलैलाही महाड बुडाले होते, दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या होत्या. खरे आहे. पण २००५ चा ट्रक वेगळा होता.

जुन्या ट्रकच्या इंजिनाला विजेची गरज जवळजवळ नव्हतीच. डिझेल पंप यंत्राने चाले, नोझल यंत्राने उघडे. बॅटरी लागे ती सेल्फला आणि दिव्यांना. एकदा इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून ठेवली तरी गाडी मुंबई गाठी. वायरिंगमध्ये पाणी गेले तर दिवे जात, हॉर्न अडखळे, पण गाडी ओढत असे. आपल्या मिस्त्री लोकांनी ही विद्या शाळेत न जाता हाताने शिकून घेतली होती आणि त्यात ते पटाईत होते.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. धुराचे प्रदूषण कमी व्हावे हा हेतू योग्यच होता. महामार्गाकडेच्या वस्त्यांतून राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या छातीत जाणारा धूर त्यामुळे कमी होतो. पण त्यासाठी इंजिनाचा कारभार एका संगणकाच्या हाती गेला. त्याला ड्रायव्हर ईसीएम म्हणतात. डिझेल किती आणि कोणत्या क्षणी सोडायचे हे तो ठरवतो. त्यासाठी हवेचा, डिझेलच्या दाबाचा, पाण्याच्या तापमानाचा, फिरत्या चाकांचा, धुराचा असे डझनाहून अधिक सेन्सर त्याला बातमी देत असतात. डिझेलचा दाब आता हजार-दीड हजार बारच्या वर गेला आहे. धूर स्वच्छ करायला युरियाची वेगळी टाकी, तिचा पंप आणि फवारा आला.

आता गंमत पाहा. मोठ्या ट्रकची हवा ओढणारी नळी केबिनच्या मागे उंच असते, म्हणून कंबरभर पाण्यातही इंजिन हवा ओढू शकते, आणि ड्रायव्हरला वाटते गाडी दमदार आहे. पण बॅटरीची पेटी, युरियाचा पंप, चाकांचे एबीएस सेन्सर, सायलेन्सरवरचे सेन्सर, सेल्फ आणि मोठा वायरिंगचा गुच्छ हे सगळे चासीच्या अंगाला, म्हणजे खाली असते. ईसीएम बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या किंवा चासीच्या बाजूला असतो. मेंदू कमरेला आणि नाक डोक्यावर, अशी ही रचना. छोटा हत्ती किंवा पिकअप यांची तर नाकाची उंचीही फार नसते.

पाणी आत कसे जाते

कप्लर रबरी सीलने बंद असतात आणि ईसीएमचा डबाही शिंतोडे सोसेल असा असतो, हे खरे. मग पाणी जाते कुठून? पहिले कारण ताप. घाट उतरून आलेली गाडी तापलेली असते. आतली हवा गरम होऊन फुगलेली. ती गाडी थंड पाण्यात शिरली की डब्यातली हवा एकदम आकसते आणि सीलच्या बारीकशा फटीतून पाणी ओढून घेते. गरम भांड्यावर झाकण ठेवून थंड केले की ते कसे घट्ट बसते हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. जोर तोच. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हब यांच्या हवेच्या छिद्रांतूनही असेच पाणी आत जाते.

दुसरे कारण वायर स्वतःच. वायरीतली तांब्याची तार एकच नसते, बारीक तारांचा तो पीळ असतो. एका टोकाला पाणी लागले की दिव्याची वात तेल ओढते तसे ते प्लास्टिकच्या आतून वर चढते आणि हातभर लांबच्या कोरड्या कप्लरमध्ये निघते. म्हणून पाणी लागले एका ठिकाणी आणि बिघाड दुसऱ्याच ठिकाणी, असे होऊन वायरमन चक्रावतो.

आणि तिसरे कारण आपणच करून ठेवलेले असते. वायर तपासायला टेस्ट लॅम्पची सुई प्लास्टिकमधून भोसकायची ही जुनी सवय. जुन्या गाडीला ते चालून गेले. नव्या गाडीत ते छिद्र पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत बसते.

साधे पाणी फार वीज वाहून नेत नाही. पण पुराचे पाणी साधे नसते. त्यात माती असते, गटार असते, भरतीचे पाणी मिसळले असेल तर मीठ असते. असे पाणी कप्लरच्या दोन पिनांमध्ये आले आणि बॅटरी जोडलेली राहिली, तर पिन अक्षरशः झिजू लागते. हिरवट बुरा चढतो. हे काम एका रात्रीतही बरेच पुढे जाते, पण गाडी त्या दिवशी बंद पडेलच असे नाही. ती पंधरा दिवसांनी, महिन्याने, भर कशेडीत लोड घेऊन चढताना चेकलाइट लावते आणि ओढायची थांबते. ड्रायव्हर म्हणतो डिझेल खराब होते. शेठ म्हणतो ड्रायव्हर खराब आहे. पुराचे नाव कुणी काढत नाही.

सायलेन्सरजवळच्या नॉक्स सेन्सरची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या आत चिनी मातीसारख्या पदार्थाचा तुकडा काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. त्यावर थंड पाणी आले तर तो तडकतो. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो, आणि स्वस्त नसतो.

किल्लीला हात लावू नका

आता मूळ मुद्दा. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा सुमारे सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल आणि आपण सेल्फ मारला, किंवा दुसऱ्या गाडीने टोचन करून गिअरमध्ये सुरू करायचा प्रयत्न केला, तर पिस्टन पाण्यावर जाऊन आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी ब्लॉकच फुटतो. दोन सेकंदांत इंजिन संपते. नोझल काढून पाणी बाहेर काढले असते तर तेच इंजिन कदाचित वाचले असते.

किल्ली नुसती ऑन केली, सेल्फ मारला नाही, तरी धोका आहेच. किल्ली ऑन होताच ईसीएम, सेन्सर, युरियाचा पंप या सगळ्यांना वीज जाते. बोर्डवर ओल असेल तर तिथेच शॉर्ट होते. “दिवे लागतात का ते फक्त बघतो” म्हणून किल्ली फिरवणारा माणूस बघायला जातो दिवे आणि जाळून येतो ईसीएम.

म्हणून पाण्यात उभी राहिलेली गाडी पाणी ओसरल्यावर पहिल्यांदा पाहाल तेव्हा आधी फोटो काढा. कारण पुढे सांगतो. मग बॅटरीची वायर सोडवा, आधी निगेटिव्ह. जोडणी सुटेपर्यंत किल्लीला हात नको. डिपस्टिक ओढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर आत पाणी आहे हे नक्की. एअर क्लीनर उघडून फिल्टर हाताने दाबा. तो ओला असेल तर इंजिन नोझल काढूनच फिरवावयाचे, एरवी नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या ऑइलमध्ये पाणी उतरले का ते पाहावे. डिझेल टाकीत झाकणातून पाणी गेलेले असू शकते आणि एवढ्या दाबाच्या पंपाला पाण्याचा थेंबही परवडत नाही, म्हणून टाकी आणि वॉटर सेपरेटर रिकामे करून घ्यावेत. युरियाच्या टाकीत पुराचे पाणी गेले असेल तर तो युरिया फेकून द्यावा. युरियाचे प्रमाण त्यात साडेबत्तीस टक्केच हवे असते, बिघडलेला युरिया गेला की गाडी स्वतःच आपली ताकद कमी करते.

कप्लर एकेक करून उघडावे लागतात. कंटाळवाणे काम आहे, दोन दिवसही लागतात. चिखल स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा, मग हलक्या हवेने वाळवावे आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. आपल्याकडे पेट्रोलने धुण्याची पद्धत आहे, ती इथे नको. पेट्रोलने सीलचे रबर फुगते. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने इंजिन धुणे म्हणजे राहिलेले पाणीही आत ढकलणे. ईसीएमचा डबा मात्र कुणी उन्हात ठेवून किंवा शेगडीजवळ धरून वाळवू नये. तो जाणकाराकडे द्यावा. आणि पुरानंतर हौद्याचे, मडगार्डचे वेल्डिंग निघतेच. ते करताना बॅटरी सोडवलेली आणि ईसीएमचा कप्लर काढलेला असावा. पुरातून वाचलेला ईसीएम वेल्डिंगच्या झटक्याने गेला असे व्हायला नको.

गाडी पाण्यात उभी राहिली नाही, नुसती पाण्यातून चालून आली, तरी बाहेर निघाल्यावर ब्रेक हळूहळू दाबत थोडे अंतर जावे. ओले लायनर पकडत नाहीत. त्यानंतर निवांत जागी थांबून वरची तपासणी करावी. पाण्यातच इंजिन बंद पडले तर तिथे पुन्हा सेल्फ मारू नये, गाडी ओढून बाहेर काढावी. क्लीनरला उतरवून धक्का मारायला लावणे तर सर्वांत वाईट. वाहत्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायाखाली काय आहे ते कुणाला दिसत नाही.

खरे तर त्या पाण्यात गाडी घालूच नये. पण घालायला लावणारा फोन येतो. “बाकीच्या गाड्या जातायत ना? मग तू का थांबलास? पार्टी बोंबलतेय.” अशा वेळी ड्रायव्हरने २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवावी. महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस माणसांसकट नदीत गेल्या. त्या चालकांच्या डोळ्यांसमोर रस्ता होता. पूल नव्हता. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला, तो मजबूत आहे; पण पाण्याखालचा रस्ता आहे की गेला हे केबिनमधून कळत नाही, ही गोष्ट कोणत्याही पुलाने बदललेली नाही. रिकामी गाडी तर भरलेलीपेक्षा लवकर तरंगते. रिकामी आहे म्हणून जपून निघेल, असे समजणाऱ्यांनी उलट समजावे.

आता कागदाकडे वळू. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आमचा विश्वास कागदावर.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात बुडालेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. हप्ता वाचवण्यासाठी जुन्या गाडीला थर्ड पार्टीच ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांनी पावसाळ्याआधी पुन्हा विचार करावा. पूर्ण विमा, ज्याला पॅकेज पॉलिसी म्हणतात, त्यात पूर, वादळ आणि दरड कोसळणे हे धोके येतात. मात्र त्याच पॉलिसीत एक वाक्य असते की परिणामी नुकसान आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड भरून दिला जाणार नाही. कंपनीचा सर्व्हेअर म्हणतो, पाणी शिरले ते पुरामुळे, पण रॉड वाकला तो तुम्ही सेल्फ मारल्यामुळे. म्हणजे चिखल धुण्याचे पैसे मिळणार आणि इंजिनाचे नाही. आमच्या परिचयातल्या एका मालक-ड्रायव्हरच्या बाबतीत असेच झाले. त्याने पाणी ओसरताच गाडी रस्त्यातून बाजूला घ्यायला म्हणून सेल्फ मारला होता. इंजिनाचा खर्च त्याच्या घरातल्या दागिन्यांतून गेला. इंजिनाच्या संरक्षणासाठी वेगळी जोड-पॉलिसी मिळते. ती आपल्या गाडीला मिळते का, आणि पाण्यामुळे झालेले नुकसान तीत धरले आहे का, हे पॉलिसी घेतानाच एजंटाकडून लेखी विचारून घ्यावे.

भरपाई पूर्ण मिळत नाही हेही माहीत असावे. रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांवर निम्मी घट धरली जाते. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घट वाढत जाते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहा वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. हे आकडे माहीत असले म्हणजे सर्व्हेअरच्या कागदावर सही करण्यापूर्वी बेरीज-वजाबाकी करता येते.

फोटो आधी काढायला सांगितले ते यासाठी. केबिनवर, टायरवर, इंजिनावर पाण्याची जी रेघ उमटते ती पहिला पुरावा. नंबरप्लेट दिसेल असा एक फोटो घ्यावा. कंपनीला त्याच दिवशी कळवावे, तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवावा, गाडी स्वतःच्या चाकांवर न नेता टोचन करून गॅरेजला न्यावी आणि टोचनची पावती जपावी. सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन उघडू नये. तलाठ्यांच्या पंचनाम्यात गाडीची नोंद करून तिची नक्कल मागावी. आरसी, परमिट, पॉलिसी हे कागद केबिनमध्येच ठेवले तर गाडीबरोबर तेही बुडतात. त्यांची एक प्रत घरी माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत आणि एक मोबाइलमधील डिजिलॉकरमध्ये असावी. हे काम भगिनींनी अंगावर घ्यावे असे आम्हाला वाटते, कारण पुरुष मंडळी “उद्या बघू” म्हणतात.

कंपनीने भरपाई नाकारली तर नकार लेखी मागावा. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही तर वर्षभराच्या आत ठाण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. दुसरा मार्ग अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे कुणी सांगितले तर ऐकू नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी कायद्याने ग्राहकाचीच धरली जाते. माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

राहिला पगारी ड्रायव्हर. त्याची गाडी नाही, विमा नाही, पण ईसीएम जळाला की शेठ त्याच्या पगारातून पैसे कापू लागतो. इथे कायदा स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन कायद्यात होते तेच तत्त्व २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान थेट कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल तरच कपात, तीही त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावर, झालेल्या नुकसानीहून अधिक नाही, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. शेठच्या सांगण्यावरून पाण्यात घातलेली गाडी हा ड्रायव्हरचा निष्काळजीपणा कसा ठरेल? पण शेठने सांगितले होते हे सिद्ध करावे लागते, आणि फोनवरचे बोलणे हवेत विरते. म्हणून दस्तुरी नाक्यावर किंवा पोलादपूरला पाण्यापुढे गाडी उभी केली की पाण्याचा फोटो काढून शेठला मेसेज करावा: “शेठ, रस्त्यावर पाणी आहे. गाडी थांबवली आहे. पुढे घालायची असल्यास कळवा.” उत्तर काहीही आले, अगर आलेच नाही, तरी तो मेसेज पुसू नये.